वॉवमध्ये गोल्डचं रोजचं रुटीन कसं बसवायचं

वॉव म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळणारा कुणीही कधी ना कधी विचारतोच की सध्या गोल्डसाठी, म्हणजे गेममधल्या पैशासाठी, फार्म कुठे करायचं, म्हणजे फिरून हर्ब, ओर असला कच्चा माल गोळा कुठे करायचा. कुठला झोन, कुठली हर्ब, कुठला रूट. प्रश्न साहजिक आहे, कारण फार्मिंग डोळ्यांना दिसतं, बॅग भरत जाते आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण मला या गेमच्या बाजाराचं जे वेड लागलंय ते फार्मिंगमुळे नाही, रोजच्या छोट्याशा रुटीनमुळे लागलंय. आणि त्यामागचा विचार फार कमी जण सांगतात, सगळे फक्त "हे विक, ते विक" सांगून मोकळे होतात आणि दोन आठवड्यांनी त्या वस्तूचा भाव पडला की माणूस परत तिथेच.

माझं म्हणणं असं आहे की गेममध्ये काही गोष्टी वेळेनुसार आपोआप भरत असतात, तुम्ही ऑनलाइन असा किंवा नसा, आणि रुटीन आधी त्यांच्याभोवती बांधायचं. त्यानंतर खरेदीविक्री. फार्मिंग सगळ्यात शेवटी, वेळ उरला आणि मन झालं तर.

आपोआप भरणाऱ्या गोष्टी म्हणजे काय? जुन्या काळापासून त्या आहेतच. व्हॅनिलामध्ये, म्हणजे गेमच्या अगदी पहिल्या आवृत्तीत, टेलर प्रोफेशनवाल्याला मूनक्लॉथ बनवायला जवळपास चार दिवसांचा कूलडाऊन होता, म्हणजे एकदा बनवलं की तेवढे दिवस परत बनवता यायचं नाही, अल्केमिस्टला आर्केनाइटचा ट्रान्सम्यूट (एका मटेरियलचं दुसरं करणं) होता, आणि ज्याच्याकडे हे असायचं तो बसल्या जागी दर थोड्या दिवसांनी एक महागडी वस्तू काढायचा. मिस्ट्स ऑफ पॅन्डारिया या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे गेमच्या नव्या मोठ्या भागात, असंच लिव्हिंग स्टील होतं, आणि इंजिनिअरचा स्काय गोलेम हा माउंट, म्हणजे स्वारीचं वाहन, तर माझ्या मते या विचाराचं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे, त्याला जार्ड्स पिक्युलिअर एनर्जी सोर्स नावाचा भाग 30 लागतो आणि तो दिवसाला एकच बनतो. म्हणजे कितीही श्रीमंत असा, कितीही तास बसा, एका इंजिनिअरला तो माउंट बनवायला महिना लागणारच. रोज लॉगिन करून एक क्लिक करणारा साधा प्लेयर आणि दिवसभर खेळणारा प्लेयर इथे एकाच लायनीत उभे असतात. मला हे फार आवडतं.

आता द वॉर विदिन हे एक्स्पान्शन आल्यापासून, म्हणजे ऑगस्ट 2024 पासून, हेच काम कॉन्सन्ट्रेशन करतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, प्रत्येक क्राफ्टिंग प्रोफेशनला कॉन्सन्ट्रेशनचे पॉइंट असतात, जास्तीत जास्त 1000, आणि दिवसाला साधारण 250 परत भरतात. क्राफ्ट करताना ते खर्च केले की वस्तूची क्वालिटी एक पायरी वर जाते. म्हणजे स्वस्तातलं हलकं मटेरियल वापरून वरच्या क्वालिटीची वस्तू काढता येते, आणि मधला फरक हा तुमचा नफा. टाकी भरली की वरचं पाणी नुसतं वाहून जातं तसं 1000 झाले की पुढचं सगळं फुकट जातं, म्हणून चार दिवसांच्या आत ते वापरले गेले पाहिजेत एवढंच खरं बंधन आहे. बघा, इथेच "रोज" या शब्दातला अर्धा ताण निघून जातो. रोज लॉगिन केलंच पाहिजे असं काही नाही, दोन दिवसांनी केलं तरी एक पॉइंटही वाया जात नाही.

आणि इथे एक हिशोब आहे जो मी सगळ्यांना करायला सांगतो. एखाद्या वस्तूवर किती नफा आहे हे बघून थांबायचं नाही, एका कॉन्सन्ट्रेशन पॉइंटमागे किती नफा पडतो ते बघायचं. समजा एका वस्तूवर 3000 गोल्ड सुटतात पण 300 पॉइंट लागतात, आणि दुसरीवर 1500 च सुटतात पण पॉइंट 100 लागतात. पहिली वस्तू भारी वाटते ना, पण तिथे पॉइंटमागे 10 गोल्ड पडतात आणि दुसरीत 15. गोल्ड परत कमावता येतं, मटेरियल परत विकत मिळतं, पॉइंट मात्र ठराविक वेगानेच येतात, म्हणून मोजायचं तर त्यांच्यावरच. वरून क्राफ्टिंगचे काही गुण असतात, इन्जेन्युइटी चांगली असेल तर कधीकधी पॉइंट परतही मिळतात, रिसोर्सफुलनेसने मटेरियल वाचतं, मल्टीक्राफ्टने एकाच्या जागी जास्त नग निघतात, त्यामुळे कागदावर थोडा तोट्यात दिसणारा क्राफ्ट सरासरीत नफ्यात जाऊ शकतो. पण सरासरी दिसायला बरेच क्राफ्ट करावे लागतात, चारपाच नगांवरून काही ठरवू नका.

आता प्रत्यक्ष रुटीन. लॉगिन केल्यावर पहिली जागा मेलबॉक्स. विकलेल्या मालाचे पैसे, न विकता परत आलेला माल, सगळं तिथे. हे आधी का? कारण काय विकलं गेलं आणि काय परत आलं ही आजची सगळ्यात ताजी आणि सगळ्यात खरी बातमी असते. एखाद्या वेबसाइटवर भाव काहीही दिसू दे, तुमचा माल त्या भावाला गेला नाही तर तो भाव नुसता दाखवायचा आहे. (आणि हो, ऑक्शन हाऊस म्हणजे प्लेयर आपापला माल विकायला लावतात तो गेममधला बाजार, तिथले पैसे विक्री झाल्यावर तासाभराने मेलमध्ये येतात, त्यामुळे विकलं गेलं तरी पैसे दिसत नाहीत म्हणून घाबरू नका.)

मेलबॉक्स झाला की कॉन्सन्ट्रेशन आणि जे काही कूलडाऊन असतील ते. मटेरियल आधीच बँकेत आणून ठेवलेलं असलं पाहिजे, त्या क्षणी ऑक्शन हाऊसला पळून जो भाव असेल त्या भावाने घ्यायचं नाही, यावर पुढे बोलतो. मग ऑक्शन हाऊस, तयार माल लावायचा, परत आलेला माल बघून परत लावायचा. आणि लॉगआऊट. कॅरेक्टर मेलबॉक्स आणि ऑक्शन हाऊसच्या जवळच उभं करून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी उडत जायला नको. एवढं सगळं पंधरा-वीस मिनिटांत बसलं पाहिजे. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर वस्तूंचे प्रकार कमी करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण लांब रुटीन आठवडाभर टिकतं आणि मग माणूस सगळंच सोडून देतो.

ॲडऑन म्हणजे गेमला जोडायचे छोटे प्रोग्राम, त्यांच्याबद्दल दोन मतं आहेत. ऑक्शनेटर सोपा आहे, पटकन माल लावता येतो, शॉपिंग लिस्ट बनवून एका क्लिकवर सगळ्या मटेरियलचे भाव बघता येतात, आणि नव्या माणसाला तेवढं पुरतं. टीएसएम म्हणजे ट्रेडस्किलमास्टर हा मोठा प्रकार आहे, ग्रुप करायचे, ऑपरेशन लावायचे, कमीत कमी भाव काय, नॉर्मल भाव काय हे सूत्रात लिहायचं. शिकायला वेळ लागतो पण ज्यांना शेकडो वेगवेगळ्या वस्तू विकायच्यात त्यांना पर्याय नाही. टीएसएममधली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे सेल रेट, एखादी वस्तू लावली तर विकली जाण्याची शक्यता किती याचा अंदाज. भाव बघून सगळेच भुलतात. पण 50 हजाराची वस्तू जी महिन्यातून एखादी जाते आणि 500 ची वस्तू जी रोज शंभर जाते, यात रुटीनसाठी मला दुसरीच हवी. भाव बघायला अंडरमाइन एक्स्चेंज ही वेबसाइट पण चांगली आहे, तिथे गेम न उघडता बघता येतं.

आता तो पाच टक्क्यांचा विषय, कारण इथे लोक खरंच पैसे घालवतात आणि त्यांना कळतही नाही. ऑक्शन हाऊस प्रत्येक विक्रीवर 5 टक्के कापून घेतं. म्हणजे 1000 गोल्डचं मटेरियल लावून बनवलेली वस्तू 1040 ला विकली तर वर 40 सुटल्यासारखे वाटतात, पण हातात येतात 988. तोटा. फक्त बरोबरीत सुटायला 1053 च्या आसपास विकायला लागतं. वर डिपॉझिट असतं, माल विकला गेला तर ते परत मिळतं, नाही विकला तर गेलं, आणि तुम्ही स्वतः ऑक्शन कॅन्सल केलं तरी गेलं. ऑक्शन 12, 24 किंवा 48 तासांचं लावता येतं आणि जितका वेळ जास्त तितकं डिपॉझिट जास्त. म्हणून माझा नियम साधा आहे, फ्लास्क, पोशन, एन्चांटचं (गिअरला जादुई बळ देण्याचं) सामान असला पटापट जाणारा माल 12 तासांचा, आणि ट्रान्समॉगसारखा, म्हणजे नुसत्या दिसण्यासाठी घेतात तसल्या कपड्यांसारखा, हळू जाणारा माल 48 तासांचा. दर अर्ध्या तासाला कॅन्सल करून भाव जरासा कमी करून परत लावणारे लोक असतात, त्यांच्याशी स्पर्धाच करायची नाही. त्यांचं काम दिवसभर चालतं, आपलं पंधरा मिनिटांचं आहे. आपण अशा वेळी माल लावायचा जेव्हा घेणारे येणार आहेत.

घेणारे कधी येतात हा तर सगळ्यात रिच विषय आहे. वॉवचा आठवडा अमेरिकन सर्व्हरवर मंगळवारी आणि युरोपियन सर्व्हरवर बुधवारी रिसेट होतो. रिसेट झाला की रेड म्हणजे मोठ्या टोळीने करायची मोहीम परत नव्याने करता येते, आठवड्याच्या बक्षिसांची व्हॉल्ट उघडते, नवीन गिअर म्हणजे शस्त्रं-चिलखत मिळतं. नवीन गिअर मिळालं की त्याला एन्चांट हवं, जेम हवा. रेडला जायचं तर फ्लास्क हवा, पोशन हवे, खाणं हवं. आणि हे सगळं लोक कधी घेतात? रेड सुरू व्हायच्या आधी अर्धा तास, घाईघाईत, भाव न बघता. म्हणून तयार माल रिसेटच्या दिवशी आणि त्यानंतरच्या संध्याकाळी शेल्फवर असला पाहिजे. उलट वीकेंडला खूप लोक मोकळे असतात, उडत फिरतात, हर्ब आणि ओर तोडतात आणि सगळं ऑक्शन हाऊसवर ओततात, मग मटेरियलचे भाव खाली येतात. तर मटेरियल वीकेंडला घ्यायचं, बनवून ठेवायचं, आठवड्याच्या सुरुवातीला विकायचं. ही काही गुप्त माहिती नाही, जुन्या प्लेयरना सगळ्यांना माहीत आहे, तरीही हा फरक दर आठवड्याला तसाच दिसतो, कारण बहुतेकांना वाट बघायची नसते आणि त्यांचंही बरोबर आहे, ते रेड करायला आलेत, बाजार करायला नाही.

म्हणूनच मी रुटीनचे दोन भाग करतो. रोजचा भाग डोकं न लावता करायचा, मेलबॉक्स, क्राफ्ट, माल लावणं, बास. आणि आठवड्यातून एकदा, वीकेंडला, निवांत बसून डोकं लावायचा भाग. पुढच्या आठवड्याचं मटेरियल किती लागेल, कुठल्या वस्तूवर पॉइंटमागे सध्या जास्त सुटतंय, काय विकायचं बंद करायचं. हे दोन्ही एकत्र केलं की गडबड होते, रोज नवीन वस्तू दिसते, रोज वाटतं आज हे करून बघू, आणि बँकेत अर्धवट मटेरियलचे ढीग साठतात. रोज निर्णय घ्यायचा नाही, रोज फक्त घेतलेला निर्णय राबवायचा.

ऑगस्ट 2022 मध्ये पॅच 9.2.7, म्हणजे गेमचा एक अपडेट, आला आणि हर्ब, ओर, पोशन, फ्लास्क असल्या स्टॅक होणाऱ्या वस्तूंचं ऑक्शन हाऊस पूर्ण रीजनसाठी (अमेरिका, युरोप वगैरे) एकच झालं. तोपर्यंत प्रत्येक सर्व्हरचा बाजार वेगळा होता, छोट्या सर्व्हरवर एकटा अल्केमिस्ट राजा असायचा. आता हर्बचा भाव सगळ्यांना सारखाच. छोट्या सर्व्हरवाल्यांसाठी हे फार चांगलं झालं असं माझं मत आहे, कारण तिथे पूर्वी माल मिळायचाच नाही आणि विकायला गेलात तर घ्यायला माणूस नाही. पण नफ्याचं मार्जिन पातळ झालं हेही खरं. गिअर, माउंट, पेट, ट्रान्समॉगचे ड्रेस या गोष्टी मात्र अजून सर्व्हरवारीच विकल्या जातात, आणि जास्त मार्जिन तिथे आहे. बॅटल पेट तर पूर्ण अकाउंटला मिळून असतात, एका सर्व्हरवर स्वस्तात घेतलेला पेट शिकायचा, दुसऱ्या सर्व्हरवरच्या कॅरेक्टरवर परत पिंजऱ्यात घालायचा आणि तिथे विकायचा, हे खूप आधीपासून चालत आलंय. मात्र हा हळू धंदा आहे. रोजच्या रुटीनचा पाया स्टॅकवाल्या वस्तूंवर ठेवा आणि बाजूला थोडा ट्रान्समॉग किंवा पेट, 48 तासांना लावून विसरून जायचे.

अल्ट म्हणजे आपलेच जास्तीचे कॅरेक्टर, ते किती ठेवायचे हा प्रश्न येतो. प्रत्येक कॅरेक्टरचं प्रत्येक प्रोफेशनचं कॉन्सन्ट्रेशन वेगळं असतं, त्यामुळे गणित सरळ दिसतं, जास्त अल्ट म्हणजे जास्त पॉइंट. आणि वॉरबँड बँक आल्यापासून मटेरियल एका कॅरेक्टरकडून दुसऱ्याकडे मेल करत बसायला लागत नाही, सगळे एकाच बँकेतून उचलतात, गोल्डही तिथेच ठेवता येतं. पण प्रत्येक अल्टला लेव्हल करा, प्रोफेशन वाढवा, नॉलेज पॉइंट (प्रोफेशनचं कौशल्य वाढवणारे) मिळवा, ते आठवड्याला थोडेथोडेच मिळतात, हे सगळं आधीच घालावं लागतं. माझा सल्ला, आधी एकाच कॅरेक्टरवर महिनाभर रुटीन चालवा, ते हाताला बसलं की दुसरा. वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर या एक्स्पान्शनच्या काळात लोक गॅरिसनचं (स्वतःच्या तळावरचं) मिशन टेबल चालवायला अल्टची फौज ठेवायचे, तिथून फॉलोअरना मोहिमेवर पाठवायचं असायचं, आणि ट्रेझर हंटर हा गुण असलेले फॉलोअर लावले की मिशनचं गोल्ड वाढायचं आणि काही न करता भरपूर गोल्ड यायचं. पण गेममध्ये इतकं गोल्ड ओतलं गेलं की पुढे कंपनीनेच हळूहळू तो नळ बंद केला. एका गोष्टीवर उभी केलेली फौज एका पॅचमध्ये बिनकामाची होऊ शकते, अल्टची यादी वाढवताना हे डोक्यात असू द्या.

गोल्डची किंमत कशी बदलत गेली ते बघायला मला फार मजा वाटते. सुरुवातीच्या काळात एका कॅरेक्टरकडे जास्तीत जास्त 2,14,748 गोल्डच राहू शकायचे, कारण गेम सगळं कॉपरमध्ये मोजायचा आणि 32 बिटच्या आकड्यात 2,14,74,83,647 च्या पुढे जागाच नाही. त्या काळात तो आकडा कुणी गाठेल असं वाटायचंही नाही. मग रॅथ ऑफ द लिच किंग एक्स्पान्शनमध्ये 20,000 चा मॅमथ माउंट आला, मिस्ट्समध्ये 1,20,000 चा याक, आणि बॅटल फॉर ॲझेरॉथमध्ये 50 लाखांचा ब्रुटोसॉर, ज्याच्या पाठीवर ऑक्शन हाऊसवालाच बसलेला. हे माउंट बाजारातलं जास्तीचं गोल्ड ओढून घ्यायला ठेवलेले असतात, 5 टक्के कट पण त्याचसाठी. म्हणून गोल्ड नुसतं साठवून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही, ते मटेरियलमध्ये फिरत राहिलं पाहिजे किंवा कशासाठी तरी वापरलं पाहिजे.

कशासाठी, तर सगळ्यात व्यवहारी उत्तर म्हणजे वॉव टोकन. एप्रिल 2015 मध्ये टोकन आला, अमेरिकेत त्याचा पहिला भाव 30,000 गोल्ड होता. गोल्ड देऊन टोकन घ्यायचा आणि 30 दिवसांचा गेमटाइम, म्हणजे खेळायची महिन्याची फी, मिळवायचा. म्हणजे रुटीनचं टार्गेट एकदम ठोस होतं, महिन्याला एक टोकन, त्याला आठवड्यांनी भागा आणि कळतं आठवड्याला किती कमवायचंय. टोकनचा भाव दिवसभर वरखाली होतो, म्हणून संपायच्या शेवटच्या दिवशी नका घेऊ, आठवडाभर आधीपासून लक्ष ठेवा आणि खाली आला की घ्या. गोल्ड देऊन घेतलेला टोकन परत विकता येत नाही, तेव्हा स्वस्तात घेऊन महागात विकू हा विचार सोडून द्या. आणि बाहेरच्या वेबसाइटवरून गोल्ड विकत घ्यायचा विचार तर अजिबात नको, नियमाविरुद्ध आहे, अकाउंट बॅन होतो, आणि ते गोल्ड बऱ्याचदा बॉटचं किंवा कुणाच्या तरी हॅक केलेल्या अकाउंटचं असतं.

मग फार्मिंगचं काय? करा ना, मी पण करतो, मला उडत फिरायला आवडतं. पण ते रुटीनमध्ये कर्तव्य म्हणून घालू नका. आणि तासाला किती सुटले हे मोजताना माल विकायला लागलेला वेळही धरा आणि 5 टक्केही वजा करा, मग खरा आकडा दिसतो. आणखी एक, स्वतः तोडलेली हर्ब फुकट नसते. ती विकली असती तर जे मिळाले असते तीच तिची किंमत, त्यामुळे क्राफ्टचा हिशोब करताना ती बाजारभावानेच धरायची. हर्ब नुसती विकून जास्त मिळत असतील तर फ्लास्क बनवायचाच कशाला!

नवीन सीझन किंवा नवीन एक्स्पान्शन आलं की हे सगळं रुटीन पंधरा दिवस बाजूला ठेवावं लागतं. तेव्हा सगळ्यांनाच सगळं हवं असतं, भाव वेडेवाकडे असतात, सकाळचा भाव संध्याकाळी नसतो. या काळात मोठा साठा करू नका, जे बनवाल ते त्याच दिवशी विका, कारण भाव खालीच जाणार असतात. पॅचच्या आधीचे आठवडे उलटे, लोक कंटाळलेले, रेड बंद, मागणी नाही. तेव्हा पॅच नोट्स वाचायच्या, कुठलं जुनं मटेरियल नवीन रेसिपीत लागणार आहे ते शोधायचं आणि थोडं, परवडेल एवढंच, घेऊन ठेवायचं.

मध्येच आठवडाभर खेळायला जमलं नाही तरी फार काही बिघडत नाही, मेल 30 दिवस तसेच राहतात, कॉन्सन्ट्रेशन चौथ्या दिवशी भरून थांबलेलं असेल, म्हणजे बुडाले तर तीन दिवसांचे पॉइंट. जायच्या आधी फक्त चालू ऑक्शन कॅन्सल करू नका, ते आपोआप विकले जातील किंवा मेलमध्ये येऊन पडतील, आणि परत आल्यावर जुन्या भावाने काही लावायच्या आधी एकदा शॉपिंग लिस्ट फिरवून बघा.